दिघीचा नारळ

खारशेत, ३ ऑगस्ट

सौ. केसर हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू ते घेणार नाहीस हे मला ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस. विनेशच्या फोनवर बोलावं तर तो स्पीकर लावतो, आणि नवरा-बायकोचं भांडण सगळं कामोठं ऐकतं. म्हणून शेवटी कागद घेतला.

तू गेलीस त्याला आठवडा होत आला. पिशवी भरलीस आणि चहासुद्धा न घेता सकाळच्या एस.टी.त बसलीस. वाडीत जो तो विचारतो, वहिनी कुठायत? मी सांगतो, सुनेला बरं नाही. तेव्हा शिवानीला सांगून ठेव, ती सध्या आजारी आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. तुला माझा नाच नको झालाय. पण रोह्याच्या कंपनीतून निवृत्त होऊन आलो तेव्हा मी काय करत होतो ते आठव. टीव्ही, जेवण, पुन्हा टीव्ही. पोट पुढे आणि साखर वर. तूच म्हणायचीस, "उठा जरा, खाट पण कंटाळली तुमाला." मग दादूने साठी उलटलेल्या आम्हा आठ जणांना गोळा केलं आणि म्हाताऱ्यांची जाखडी उभी केली. मधे दादू मृदंग घेऊन बसतो आणि आम्ही उजव्या पायात चाळ बांधून त्याच्याभोवती फेर धरतो. वर्षभरात माझी पँट सैल झाली, साखर खाली आली, झोप लागायला लागली. आता कुठे सगळं जमून आलं, तर तू पिशवी भरलीस.

नारळाचं तुला सांगायला नको. तुझ्या माहेरी, तळा गावाकडेही हीच रीत आहे. तरी लिहितो, कारण तू विसरल्यासारखी वागतेस. दिघीचा कोंडाजी खाडी ओलांडून आला, देवळात चार माणसांसमोर त्याने माझ्या हातात सामन्याचा नारळ ठेवला आणि मी तो कपाळाला लावला. ज्याने नारळ घेतला त्यानेच सामन्यात पहिले चाळ बांधायचे. तो उभा राहिला नाही तर त्याचा फेरच उठत नाही. मग सगळ्यांनी मांडी घालून बसायचं आणि समोरच्यांनी आपल्यावर रचलेलं गाणं मुकाट ऐकायचं. ते गाणं पुढे वर्षभर प्रत्येक हळदीला आणि पालखीला वाजतं. सामना पाच सप्टेंबरला दुपारी आहे, दिघीत, त्यांच्या मंडळाच्या गणपतीपुढे.

आणि तू म्हणतेस नाच सोडा. ते व्हायचं नाही. गणपतीच्या आधी ये. माझी तब्येत उत्तम आहे.

सदा


खारशेत, ११ ऑगस्ट

सौ. केसर हिस,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होतो असं समजू नकोस.

इथे सगळं छान चाललंय. भाकरी मला जमायला लागली आहे. गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर कोण बघतं? तालीम रोज संध्याकाळी देवळाच्या मंडपात असते. पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, खाली मृदंग, आणि आमचे सगळ्यांचे चाळ एका ठोक्याला पडले की अंगावर काटा येतो. तुला कसं सांगू? कंपनीत इतकी वर्षं, गणपतीतले चार दिवस सोडले तर, मी पाय फक्त घरून गेटपर्यंत आणि गेटवरून घरी नेण्यासाठी वापरले. आता या वयात कळतंय की पाय आपल्यालाही काहीतरी देतात. तालीम संपली की दादूच्या ओट्यावर काळा चहा आणि गरम भजी. एकच भजं खातो, शपथ. बरं, दोन.

काल तिसऱ्या फेरीत माझ्या चाळांची गाठ सुटली, म्हणून मी थोडा वेळ खांबाला टेकून बसलो. शेजारच्या नीराबाईने शिवानीला फोन करून काही वेगळं सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस. तिला राईचा पर्वत करायची सवय आहे. घाम सगळ्यांनाच येतो.

थोडं पित्त वाढलंय. ढेकर आला की मोकळं वाटतं. डाव्या खांद्यात कळ येते आणि हाताकडे उतरते, पण ती भाकऱ्या थापून थापून आली असणार. तू चाळीस वर्षं कशा थापल्यास देव जाणे. ओव्याचं पाणी घेतो आहे.

येताना माझा जुना फेटा आण. तो बहुतेक विनेशच्या माळ्यावर आहे. म्हणजे तू येणार आहेस हे मी गृहीत धरलंय.

सदा


खारशेत, १९ ऑगस्ट

केसर,

शिवानीने व्हिडिओ पाठवला. कामोठ्यात तुमच्या इमारतीखाली दहा-बारा बायका, हातात लेझीम, आणि दुसऱ्या रांगेत पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई. मी शिवानीला लिहिणार होतो की चुकून कुणाचा तरी पाठवलास. मग त्या बाईने पदर खोचायला कमरेला हात लावला, पदर नव्हताच, आणि ती हसली. तेव्हा ओळखलं.

मला राग आला. एकसष्टाव्या वर्षी उड्या? गुडघ्यांचं काय? परवापर्यंत तेल लावून देत होतो मी त्या गुडघ्यांना! आणि मी नाचलो तर पिशवी भरून निघून जायचं, स्वतः मात्र लेझीम खेळायचं, हा कुठला न्याय? मी तडक शिवानीला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आईंची काळजी करू नका. त्यांनी आधी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. साखर, ईसीजी, पट्ट्यावर चालायची टेस्टसुद्धा. लेझीम शिकवणाऱ्या बाई एवढी गरज नाही म्हणत होत्या, तरी आईच म्हणाल्या, 'मी आदी तपासनार, मग नाचनार. घरात एक थापाड्या बस हाय.'"

मी फोन ठेवला. तोंडात मारल्यासारखं झालं.

मग तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला, आता लपवून काय करू? वळताना तू मान आधी वळवतेस आणि अंग मागून येतं. आमच्या फेरात अशी मान कुणालाच वळवता येत नाही, मलाही नाही, आणि मी तरुणपणापासून नाचतोय. हे कुठे होतं एवढी वर्षं? आम्ही अंगणात नाचायचो तेव्हा तू दाराआड चहाचं आधण ठेवून उभी असायचीस. तुझेही पाय चुळबुळत असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला राग आला हे खरं आहे. पण राग उतरल्यावर मला फार आनंद झाला, आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

तू परत येशील ना? की तिथेच बरं वाटायला लागलंय?

सदा


खारशेत, २५ ऑगस्ट

केसर,

विनेश म्हणाला, आई गणपतीला येणार नाही. मी म्हटलं, तिला फोन दे. तो म्हणाला, ती बोलत नाही. परवा गणपती आणि घरात ही तऱ्हा.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू मला नाच सोडायला सांगितलंस. ते मी वाडीतही सांगितलं, दादूलाही सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. तू तसं म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस, "तपासून घ्या, मग खुशाल नाचा." शिमग्यात पालखी नाचवताना मला चक्कर आली, मुरूडच्या डॉक्टरांनी पनवेलच्या दवाखान्यातली तारीख घेऊन दिली. तू डबा दिलास, मी जुलैत त्या तारखेला निघालो आणि पेणला उतरलो. तिथे आठ जणांसाठी नवे घुंगरू घेतले, मिसळ खाल्ली आणि घरी येऊन तुला सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल. तू देवापुढे साखर ठेवलीस. ती मी खाल्लीसुद्धा.

आणि मग त्याच दवाखान्यातून फोन आला आणि तो तू उचललास. काका आले नाहीत, दुसरी तारीख देऊ का? कोंडाजीचा नारळ नुकताच देव्हाऱ्यात ठेवला होता. तू नारळाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

का गेलो नाही ते आता लिहितो. त्यांनी पट्ट्यावर चालवलं असतं आणि सांगितलं असतं, सदाभाऊ, बंद. पुन्हा खाट, पुन्हा टीव्ही. मला मरायची भीती वाटत नव्हती. त्या खाटेची वाटत होती. तू सांग, दहा जणांत एका ठोक्याला पाय पडायची चव लागल्यावर तू लेझीम खाली ठेवशील?

सहा सप्टेंबरला मी स्वतः पनवेलला येतो. सामना झाला की दुसऱ्या दिवशी. एवढे दिवस गेले, अजून थोडे. तू फक्त गौरी आणायला ये. घरात गौर यायची आणि घरची बाई नाही, असं आपल्याकडे कधी झालं नाही.

सदा


खारशेत, ३ सप्टेंबर

केसर,

तू आली नाहीस. विनेश आला, आरत्या केल्या, माझ्याशी कामापुरतं बोलला आणि दीड दिवसात परत गेला. गौर नीराबाईने आणली. पाणवठ्यावरून तेरड्याची जुडी घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली आणि रीतीप्रमाणे आतून कुणीतरी विचारायचं, कोण आली? आत मीच होतो. मी विचारलं. ती म्हणाली, "गौर आली." तिला हसू आवरेना आणि मला रडू. सोन्याच्या पावलांनी आली, हेही मीच म्हटलं. घर दाखवलं, कोठार दाखवलं. स्वयंपाकघर दाखवायच्या आधी भांडी घासून ठेवली होती, एवढं समाधान आहे.

परवा आपल्या अंगणात नाच होता. पहिली फेरी बरी गेली. दुसरीत छातीवर कुणीतरी पाटा ठेवावा तसं झालं. मी तोंड हसरं ठेवलं आणि पाय टाकत राहिलो. फेरातून मधेच बाहेर पडत नाहीत, साखळी तुटते. पण दादू समोर बसलेला. तो मृदंग वाजवताना बोटांकडे बघत नाही, नाचणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतो. त्याने वाजवता वाजवता हात थांबवला. केसर, भर फेरात मृदंग थांबलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

त्याने मला बाजूला नेलं. म्हणाला, "गाठ सुटली म्हनालास तवा पन गाठ न्हाय सुटली. काय व्हतंय तुला?" मी म्हटलं पित्त. तो म्हणाला, "पित्त माज्या बापाला पन व्हता. तिरडी मीच उचलली." त्याला मी खरं सांगितलं. तुला आज सांगतोय. कळ चालताना येते, जिना चढताना येते, काल बसल्या बसल्या आली.

आज सकाळी नारळ पिशवीत घालून मी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला गेलो. मनाशी ठरवलं होतं, पाया पडायचं आणि परत द्यायचा. कोंडाजीने चहा केला, बिस्किटं आणली, नारळ बघून मात्र हात मागे घेतले. "सदा, नारळ परत घ्याची रीत न्हाय. माज्या बापानं कदी घेतला न्हाय, मी कसा घेऊ? तुला न्हाय जमत तर येऊन बस. आमी गाऊ, तुमी आयका. तुजी दुश्मनी न्हाय माजी." तो वाईट माणूस नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतला नसता.

परत येताना मी ठरवलं. नाचेन. एक सामना, मग तू म्हणशील ते. आठ माणसांनी वर्षभर मान खाली घालून फिरायचं, तेही माझ्यामुळे, हे मला नाही सोसणार. तुला राग येईल. पण तू तळ्याची आहेस, नारळ काय असतो हे शिवानीला कळणार नाही, तुला कळतं.



सदा


एस.टी.त, ५ सप्टेंबर

केसर,

गाडी हलते आहे, लागेल तेवढं वाच.

सकाळी आम्ही सगळे आगरदांड्याला आलो. पांढरे सदरे, गळ्यात उपरणी, नवे घुंगरू. टेम्पोवाल्या ओंकारने मृदंग उतरवला. फेरीबोट लागली, गाड्या आत गेल्या, आपली माणसं चढली. मी शेवटचा होतो. नारळ माझ्या हातात होता.

तू म्हणशील, दुखायला लागलं म्हणून थांबला. तसं नाही. तेव्हा काही म्हणजे काही दुखत नव्हतं. दुखत असतं तर मी हट्टाने चढलो असतो, तू मला ओळखतेस. झालं असं की तिथे उभा असताना माझ्या मनात आलं, फेरात पडलो तर कोंडाजी आपल्यावर टोमण्याचं गाणं गाणार नाही. मोठेपणाचं रचील. नारळ राखला, फेरात देह ठेवला, शाबास सदा! दिघीपासून नागावपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर माझं नाव. आणि केसर, मला ते आवडलं. क्षणभर फार आवडलं. मग मला तू दिसलीस, कुणाच्या तरी हळदीला मांडवात एका बाजूला बसलेली, ते गाणं ऐकणारी, आणि बायका तुझ्याकडे बघून म्हणतायत, हीच ती. तुला ते गाणं प्रत्येक लग्नात ऐकावं लागलं असतं आणि वर अभिमानाचं तोंड करावं लागलं असतं. मला इतकी भीती वाटली की पाय उचलेना.

मी दादूला हाक मारली. तो उतरून आला. मी म्हटलं, "मी येत नाही. पनवेलला जातो." मला वाटलं तो शिव्या देईल. बोटीवरचे सगळे आमच्याकडे बघत होते. त्याने माझ्या हातातून नारळ घेतला आणि म्हणाला, "जा. आमी बसून आयकू. गान्यानं कोन मेला न्हाय आजपर्यंत." मग बोटीकडे तोंड करून ओरडला, "सदा येत न्हाय! दवाखान्यात चाललाय!" सगळ्यांसमोर. एक-दोघांनी मान फिरवली. बाकीच्यांनी हात वर केला. बोट सुटली आणि मी धक्क्यावर एकटा, पायात चाळ तसेच. ते सोडायला वाकलो तेव्हा कळ आली.

रिक्षाने मुरूड गाठलं आणि पनवेलची गाडी धरली. शिवानीला फोन केला. छातीत दुखतंय, आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे, असं अगदी या शब्दांत सांगितलं. तिने विचारलं, "आता दुखतंय?" मी हो म्हटलं. तिने दवाखान्यात कळवलं आणि जिभेखाली ठेवायची गोळी मुरूडच्या डॉक्टरांनी कधी दिली होती का ते विचारलं. दिली होती. खिशात होती, वापरलेली नव्हती. आता वापरली. ती म्हणाली, अलिबागलाच उतरा. पण कळ उतरली आहे, आणि मला तुमच्याजवळ यायचंय. तरी कंडक्टरला सांगून ठेवलंय की मला असं असं होतंय, बेशुद्ध पडलो तर या नंबरवर फोन करा. त्याने मला पुढच्या सीटवर बसवलं. अनोळखी माणसाला सांगायला काहीच लागलं नाही. तुला सांगायला मला इतके महिने लागले.

या घडीला दिघीत आपली माणसं मांडी घालून बसली असतील. माझ्यावरचं गाणं सुरू झालं असेल. पळाला सदा, असंच काहीतरी. चाल चांगली असणार, कोंडाजीला चाल सुचते. येत्या मोसमात तू ते कुठल्याही लग्नात ऐकशील तेव्हा मला शेजारी बसवून घे. मी ऐकेन.

डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही. नाचू नका म्हणाले तर मी भांडेन, आधीच सांगतो. पण ते म्हणतील ते तुला खरं खरं सांगेन.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, सोबत आणतो आहे. शिवानीला विचारलं, आई येईल का दवाखान्यात? ती म्हणाली, मी सांगते त्यांना, पुढचं मला माहीत नाही. आलीस तर आधी हे हातात देईन, तू वाचेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. तोंडाने सांगायला लागलो की मी पुन्हा खोटं बोलतो. तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला खरं बोलवत नाही, तुला काळजी वाटेल म्हणून नाही, तर मी किती घाबरलोय ते तुला कळेल म्हणून.

मला फार भीती वाटते आहे. तू माझ्याजवळ हवी आहेस. यापेक्षा नीट लिहिता येत नाही.

पनवेल आलं. गाडी स्टँडात वळते आहे. खिडकीतून तू दिसतेस. शिवानी हात हलवतेय, तू हलवत नाहीस. अजून रागातच आहेस. उतरतो.